तुरुंगाबाहेरची आघाडी

अहमदनगरच्या किल्ल्याचे नाव निघाले की बहुतेकांना नेहरू आणि मौलाना आझाद आठवतात. मला आधी जुलेखा बेगम आठवतात. एप्रिल १९४३ मध्ये त्यांचे कलकत्त्यात निधन झाले, तेव्हा त्यांचे पती मौलाना आझाद याच किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि पत्नीच्या आजारपणातही त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. ही हकिकत मौलानांच्या निग्रहाची म्हणून सांगितली जाते. त्या निग्रहाची झळ सोसणारी स्त्री स्वतःही चळवळीत उतरलेली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते. फेब्रुवारी १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा जुलेखा बेगमांनी गांधीजींना कळवले होते की शिक्षा अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे आणि तुर्कस्तानच्या खलिफाचे पद टिकावे यासाठी चाललेल्या खिलाफत चळवळीच्या बंगालमधील समितीचे पतीचे काम यापुढे आपण पाहू.

खिलाफत चळवळीचे नेते मोहम्मद अली आणि शौकत अली या अली बंधूंच्या आई, बी अम्मा, याही अशाच. तरुणपणी वैधव्य आले असता त्यांनी मुलांना इंग्रजी शिक्षण दिले, आणि १९१७ मध्ये मुले छिंदवाड्यात नजरकैदेत असताना, वयाची पासष्टी उलटल्यावर, कलकत्त्याच्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनात त्या बुरख्याआडून बोलल्या. पुढे खिलाफत चळवळीसाठी त्या गावोगाव हिंडल्या. त्यांना केवळ ‘वीरमाता’ म्हणणे मला अपुरे वाटते, कारण ज्या वयात घरातील माणसे आपली सेवा करतील अशी अपेक्षा असते, त्या वयात त्या सभा गाजवत होत्या.

पतियाळाच्या बीबी अमतुस सलाम यांच्याविषयी तर आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. गांधीजींच्या आश्रमात राहिलेल्या या अविवाहित स्त्रीने पूर्व बंगालमधील नोआखालीच्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सिरंडी गावी उपोषण आरंभले. हिंदू घरातून लुटून नेलेले खड्ग परत मिळावे, एवढी साधी मागणी त्यामागे होती, आणि ती त्यांनी आपल्याच धर्मबांधवांपुढे ठेवली होती. पंचवीस दिवसांनी, २० जानेवारी १९४७ रोजी, गावातील मुसलमानांनी शांततेचे लेखी वचन दिल्यानंतर गांधीजींच्या हातून त्यांनी संत्र्याचा रस घेतला. फाळणीनंतर त्या पंजाबातील राजपुऱ्याला गेल्या आणि पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये काम करत राहिल्या.