निजलेली कळलावी, आजारी कोरांटी

१२ मे

आमची पुण्यातली गॅलरी पश्चिमेची असल्यामुळे दुपारी आत आलेले ऊन सूर्यास्तापर्यंत हलत नाही आणि त्यानंतरही भिंत बराच वेळ धग सोडत राहते. काल रात्री नऊ वाजता कोरांटीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला हात लावला, तर ती अजून कोमट होती. माळावरच्या कोरांटीची मुळे खोल, गार जमिनीत असतात. देशी झाड काटक असते, असे मी इतकी वर्षे समजत आले. पण तो काटकपणा जमिनीतल्या मुळांचा आहे, दहा इंची कुंडीतल्या मुळांचा नाही.

आठवडाभर तिची पाने मलूल आहेत. मी रोज पाणी घालत होते आणि ते तळाच्या भोकातून लगेच बाहेर येत होते, म्हणून ते पुरेसे होत असेल असे वाटले. आज बोट खुपसून पाहिले, तेव्हा माती आतून कोरडी ठणठणीत निघाली. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती आणि सगळे पाणी त्या फटीतून वाहून जात होते. कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवली, बुडबुडे थांबल्यावर काढून निथळू दिली आणि अडुळशाच्या सावलीत हलवली. मातीवर वाळक्या पानांचा थर दिला. खत मात्र मुद्दाम घातले नाही, कारण तहानलेल्या मुळांना खतातले क्षार आणखी पोळतात. मुळे कुंडीत गच्च गुंतलेली असणार, तरी कुंडी बदलण्याचे काम मृगाच्या सरींपर्यंत थांबायला हवे.

शेजारची कळलावीची कुंडी रिकामी दिसते. गेल्या वर्षी याच दिवसांत ती मेली असे समजून मी घाबरून तिला रोज पाणी घातले आणि जूनमध्ये माती उकरली, तेव्हा मऊ पडलेला, आंबूस वासाचा कंद हाती आला. ते आठवले की अजून वाईट वाटते. कळलावी पावसाळ्यात वाढते, फुलते आणि नंतर जमिनीवरचा सगळा भाग वाळवून कंदात निजते. त्या झोपेत तिला कोरडेपणाच हवा असतो. नांगरासारख्या आकाराच्या त्या कंदामुळेच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कंद अतिशय विषारी असल्याने मी तो हातमोजे घालूनच हाताळते.

शतावरीने मला अजून कोड्यात टाकले आहे. तिचे वेल पिवळे पडले आहेत, पण बुंध्याशी माती जराशी बाजूला केल्यावर पांढरट, टणक मुळे दिसली, त्यामुळे तिला आठवड्यातून एकदाच पाणी द्यायचे ठरवले. कळलावीच्या कुंडीला खडूने फुली करून ती बाकाखाली सरकवली आहे, म्हणजे घरातले कुणी मायेने तिला पाणी घालणार नाही.

संध्याकाळी पाहिले तेव्हा कोरांटीची शेंड्याकडची चार पाने सावरली होती. खालची अजून लोंबत आहेत.