पोरींची मॅच आणि स्पॅनिश

आज आर्वीला शाळेच्या पोरींची बास्केटबॉल मॅच होती. हरलो, पण पोरी शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत होत्या. काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा मारून सराव करतात त्या. पावसाळ्यात तिथं चेंडू उसळतही नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

परतताना एसटीत दहावीतली एक म्हणाली, "सर, परदेशी भाषा शिकून आपल्याले काय भेटणार?"

मी अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं सांगितलं. वडील इटलीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, म्हणून त्याचं बालपण तिकडं गेलं आणि इटालियन त्याला अस्खलित यायची. पुढं लेकर्स या अमेरिकेतल्या संघात स्पेनच्या पाउ गॅसोल या साथीदाराशी तो भर मॅचमध्ये स्पॅनिशमध्ये बोलायचा. समोरच्याला डाव कळायचाच नाही! पोरींचे डोळे चमकले.

भाषा म्हणजे फक्त मार्कांचा विषय, असं आपण लेकरांना शिकवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दूर कुठं जायचीही गरज नाही, आपल्या वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिश, फ्रेंच, चिनी शिकवतात.

सोमवारपासून पासेस स्पॅनिशमध्ये मोजायचे ठरलंय. उनो, दोस, त्रेस. कुणाकडे स्पॅनिशचं सोपं पुस्तक पडून असेल तर शाळेसाठी द्या, मी घ्यायला येतो.