क्योतोची माचिया: जुन्या खांबाला नवा पाय

जपानमधल्या क्योतो शहराच्या जुन्या वस्तीतली लाकडी घरे, ज्यांना तिथे माचिया म्हणतात, रस्त्यावरून अगदी अरुंद दिसतात. पण उभ्या पट्ट्यांच्या जाळीआड घर थेट मागच्या अंगणापर्यंत खोलवर गेलेले असते. अयानोकोजी रस्त्यावरचे सुगिमोतो या कापड व्यापाऱ्यांचे घर मी ऐन उन्हाळ्यात पाहिले. 1864 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर 1870 मध्ये हे घर पुन्हा उभे राहिले. उन्हाळा आला की इथली कागदी सरकती दारे काढून वेताच्या काड्यांसारख्या बारीक बोरूंची दारे बसवतात आणि तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती गाद्यांवर, विणलेल्या चटया अंथरतात. अंधाऱ्या खोलीतून त्या काड्यांआडची हिरवी बाग पाहताना उकाडा खरोखरच कमी झाल्यासारखा वाटतो. खोलीत सामान जवळपास नाहीच. कोनाड्यात टांगलेले एक गुंडाळीचित्र आणि एक फूल, एवढेच. ही रिकामी जागा राखण्यासाठी घरातल्यांना किती शिस्त लागत असेल, हे तिथे बसल्यावर उमगते.

मला मात्र सर्वांत जास्त शिकवले ते दुरुस्ती चालू असलेल्या एका साध्या घराने. माचियाचे खांब आपल्या वाड्यांतल्या खांबांप्रमाणेच दगडावर नुसते टेकलेले असतात, त्यामुळे ओल चढून बुंधा आधी कुजतो. अशा वेळी सुतार अख्खा खांब बदलत नाही. घराचा भार तात्पुरता टेकूवर घेऊन तो कुजलेला भाग कापतो, उरलेल्या खांबाला खाचा पाडतो, तशाच उलट्या खाचांचा नवा तुकडा खाली सरकवतो आणि मधल्या चौकोनी भोकात लाकडी पाचर ठोकून दोन्ही घट्ट आवळतो. मी पाहिलेल्या खांबाचा वरचा भाग धुराने जवळजवळ काळा झाला होता, तर गुडघ्याखालचा तुकडा पिवळसर आणि ताजा होता. सांध्याची नागमोडी रेघ मला स्पष्ट दिसली, पण बोट फिरवल्यावर लागली नाही. काही ठिकाणी नव्या लाकडाला रंग देऊन ते जुन्याशी मिळवून घेतात. मला तो सांधा उघडा ठेवलेलाच आवडतो, कारण त्यात घराचे वय आणि सुताराचा हात दोन्ही वाचता येतात.

हे काम खर्चिक आहे आणि वेळखाऊही. म्हणूनच 1950 पूर्वीची ही घरे पाडून तिथे इमारती आणि वाहनतळ होत गेले; 2016 च्या पाहणीत शहरात सुमारे 40 हजार माचिया उरल्या होत्या. 2017 मध्ये शहराने नियम केला, त्यानुसार निवडक माचिया पाडण्याआधी मालकाने एक वर्ष आगाऊ कळवायचे असते, म्हणजे तेवढ्या काळात ते घर घेऊन सांभाळणारा कोणी शोधता येतो. सुगिमोतो घर ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा तारीख आधी पाहून जावे. ते बंद असेल तर गोजोझाका भागातले कुंभकार कावाई कान्जिरो यांचे 1937 मधले घर अवश्य पाहावे.