बांध पेटवायच्या आधी

शाळू काढून झाला की आमच्याकडे, खटावच्या माळावर, बांध पेटवायची घाई सुटते. यंदा मी आबांकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली. दर रविवारी सकाळी नऊला त्याच तीस पावलांच्या बांधावर बसायचं, काय फुललंय आणि त्यावर कोण येतंय ते वहीत लिहायचं, एवढाच बेत.

पहिल्या रविवारची नोंद: 'एकदांडी, मधमाश्या 14'. घरी फोटो मोठे करून पाहिले तर त्यातल्या 9 नुसत्या माश्याच निघाल्या! अंगावर पट्टे मधमाशीसारखेच, पण पंख दोनच, मिशा आखूड आणि डोळ्यांनीच डोकं भरलेलं. मधमाशीला पंख चार. वाचलं तर या माशीच्या कितीतरी जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणून तिचा वेगळा रकाना केला. उरलेल्या पाचही फुलोरी, म्हणजे छोट्या मधमाश्या.

खरी मजा भुईरिंगणीवर. तिला आम्ही आजवर शिव्याच दिल्या, काटा चपलेतून आरपार जातो. जांभळं फूल, मधे पिवळ्या परागकोशांचा झुबका. फुलात मध नाहीच, आणि पराग कोशाच्या टोकावरच्या बारीक भोकातून पडतो, मिठाच्या डबीसारखा. हलवल्याशिवाय यायचा नाही. तिसऱ्या रविवारी काळा भुंगा आला. झुबक्याला मिठी मारली, पंख मिटले, तरी आवाज चालूच! उडताना घोगरा, इथं बारीक, चढा. उडायचेच स्नायू, पण पंख न हलवता थरथरवतो. निघाला तेव्हा पोट पिवळं झालेलं. मधमाशीला ही करामत जमत नाही. वांगं, टोमॅटो याच कुळातले. परसातल्या वांग्यावरही मग हाच दिसला.

पण हाच भुंगा गोठ्याच्या वाशांना भोकं पाडतो. गव्हाणीत भुसा पडतो म्हणून आबा दरवर्षी ती चिखलानं बुजवतात. मी वांग्याचं कौतुक सांगितलं.

"वासा मोडल्यावर वांगं धरून ठेवणार हाय का छपराला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी गोठ्यामागं पांगाऱ्याचं वाळकं खोड उभं केलं. भुंग्यांनी तिकडं जावं, ही आशा. होळीच्या आदल्या दिवशी चुलत्यांनी त्यांच्या बाजूनं काडी लावली, त्यात माझी अकरा पावलं गेली. भुईरिंगणी दुसऱ्या टोकाला होती, वाचली.

खोडाला अजून एकही भोक नाही. वाशाला नवी दोन पडलीत. आबांना सांगितलेलं नाही.