तुम्ही विचारलंत म्हणून: सरासरीत क्वासार हरवतो का?

वरळीच्या तारांगणाबाहेर असो की चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात, प्रश्न ठरलेला असतो: “हजारो क्वासारांच्या वर्णपटांची सरासरी काढलीत, म्हणजे प्रत्येकाचं वेगळेपण गेलंच. मग हाती काय लागलं?” एकदाच नीट उत्तर देते. क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं कृष्णविवरामुळे झळाळणारं केंद्र; वर्णपट म्हणजे तरंगलांबीनुसार विभागलेला त्याचा उजेड.

हाती क्षीण उत्सर्जन रेषा लागतात, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर वाढलेला उजेड. एकेकट्या वर्णपटात त्या गोंगाटात बुडालेल्या असतात. २००१ साली स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या २,२०० हून अधिक क्वासारांचा एकत्रित वर्णपट आला, त्यात ८० हून अधिक उत्सर्जन रेषा ओळखता आल्या. वेगळं काय हे ठरवायलाही आधी नेहमीचं काय ते माहीत हवं ना!

आणि ही नुसती बेरीज-भागाकार नाही. आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्ती करायची, तरंगलांबीला (१ + रेडशिफ्ट)ने भागायचं (रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप), १ अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं एकक) घरांत बसवायचं, रेडशिफ्टच्या चढत्या क्रमाने एकेकाच्या उजेडाची पातळी आधीच्यांशी जुळवायची. मग रेषांची सापेक्ष ताकद हवी असेल तर मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधली किंमत), रेषांखालच्या सलग उजेडाच्या उताराचा घातांक हवा असेल तर भूमितीमध्य (गुणाकाराचं मूळ काढून मिळणारी सरासरी).

खरी मारामारी रेडशिफ्टची. ५००७ अँगस्ट्रॉमची ओ-थ्री रेषा (आयनीभूत ऑक्सिजनची) अरुंद आणि भरवशाची. पण स्लोनचा मूळ वर्णपटमापक ३८०० ते ९२०० अँगस्ट्रॉम बघायचा, त्यामुळे रेडशिफ्ट ०.८४ च्या पुढे ती बाहेर जायची. १५४९ ची सी-फोर (आयनीभूत कार्बनची) आत यायची ती १.४५ ला. दोघी त्याच्या एका वर्णपटात कधीच भेटायच्या नाहीत; दुवा २७९८ ची मॅग्नेशियम-टू. त्यात सी-फोर निळ्याकडे सरकलेली असते, आणि हे सरकणं प्रत्येक क्वासारात वेगळं. सेकंदाला ८०० किलोमीटर धरा, म्हणजे १ अँगस्ट्रॉमची चार घरं. रेडशिफ्ट फक्त तिच्यावरून काढली तर सरासरीत ती रेखीव, बरोबर जागी दिसते. शेजारच्या रेषा मात्र लालकडे ढकलल्या जातात आणि पसरतात. चित्र देखणं, मोजमाप चूक.

मध्यक असल्या चुका गाळतो, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. गाळतो, पण विखुरलेल्या. आपल्याच वातावरणाच्या उजेडातली ५५७७ ची रेषा नीट वजा झाली नाही, तर तिचा अवशेष रेडशिफ्ट १ ला २७८८ वर पडतो आणि २ ला १८५९ वर, म्हणून तो पुसला जातो. सी-फोरचं सरकणं बहुतेकदा एकाच दिशेचं. ते मध्यकातही राहतं.

तेव्हा तुमच्या शंकेत तथ्य आहे, हे मान्य. ५००० अँगस्ट्रॉमच्या पुढे तर जवळचे, कमी तेजाचेच क्वासार उरतात, यजमान दीर्घिकेतल्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो आणि उतार बदलतो. म्हणजे निळ्या टोकाचे क्वासार वेगळे, तांबड्या टोकाचे वेगळे. या सरासरीसारखा हुबेहूब एक क्वासार आकाशात सापडायचा नाही.

उपाय गट पाडण्याचा. मॅग्नेशियम-टूवरून रेडशिफ्ट घेऊन सी-फोर किती सरकली त्यानुसार गट करावेत आणि प्रत्येकाचा वेगळा मध्यक काढावा, असं मला वाटतं. तेजावरून करा म्हणणारेही आहेत. तेज वाढलं की सी-फोर सातत्याच्या (रेषांखालच्या सलग उजेडाच्या) तुलनेत क्षीण होते, हे १९७७ पासून माहीत आहे. पण गट फार पाडले की प्रत्येकात वर्णपट थोडे उरतात आणि गोंगाट परत येतो. किती गट पुरेत, यावर माझं अजून ठरलेलं नाही.