शिकारीच्या रँचवरचे चार महिने: टेक्सासमधील माझ्या इंटर्नशिपचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतात हरभरा घाट्यावर आला की बाबा रात्रभर जागलीला जात, कारण रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एकदा शिरला की सकाळी उभे पीक दिसत नसे. वन्यप्राणी आणि माणूस यांचा हिशेब मी पुस्तकाआधी पंचनाम्याच्या कागदावर पाहिला होता. दापोलीला वनशास्त्राची पदवी घेऊन मी एम.एस.साठी दक्षिण टेक्सासमध्ये आले, आणि दुसऱ्या वर्षी शिकार चालणाऱ्या खासगी रँचवर, म्हणजे कुंपण घातलेल्या मोठ्या कुरणावर, इंटर्नशिप करायचे ठरवले. टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. हरीण कायद्याने जनतेचे असले तरी ते ज्या गवतावर जगते ते रँचमालकाचे असते. त्यामुळे इथे हरणांचे काय होणार हे बहुतांशी कुंपणाच्या आत ठरते, आणि ते ठरवणाऱ्यांच्या शेजारी बसून मला शिकायचे होते.

कागदपत्रांना मला वाटले त्यापेक्षा अधिक वेळ लागला. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्यासाठी सीपीटीची (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंगची) परवानगी लागते. त्यासाठी रँचचे नियुक्तिपत्र, विभागात इंटर्नशिपच्या विषयाची नोंदणी आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून परवानगीची नोंद असलेला नवा आय-२० (विद्यापीठ विद्यार्थ्याला देते तो व्हिसासंबंधीचा दाखला) एवढे सगळे हातात यावे लागते, आणि त्यावरील तारखेच्या आधी एक दिवसही काम करता येत नाही. मला प्रथम होकार देणाऱ्या रँचने 'कागद मागाहून येतील, तुम्ही सोमवारपासून या' असे सांगितले. मी नकार दिला आणि ती जागा गेली. पुढचा महिना फार काळजीत गेला, पण त्या निर्णयाबद्दल मला आजही खंत नाही. दुसरी रँच किंग्जव्हिलच्या दक्षिणेला मिळाली. मुलाखतीत तिथल्या जीवशास्त्रज्ञाने बंदुकीविषयी काहीच विचारले नाही. रात्री पिकअपच्या मागे उभे राहून चार तास मोजणी करता येईल का आणि अक्षर वाचता येण्यासारखे आहे का, एवढेच विचारले.

सप्टेंबरमध्ये मोजणी सुरू झाली. ठरलेल्या रस्त्याने गाडी अगदी हळू चालते, दोन्ही बाजूंना प्रकाशझोत फिरतात, चमकणारे डोळे दिसले की थांबून दुर्बिणीने नर, मादी की पाडस हे ठरवायचे, आणि झाडीतून किती अंतरापर्यंत दिसते हेही ठरावीक टप्प्यावर नोंदवायचे. ही दुसरी नोंद चुकली तर मोजलेली हरणे किती एकरांतली हेच कळत नाही. आमची रँच राज्याच्या मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्राममध्ये असल्याने किती नर आणि किती माद्या मारायच्या याचे टॅग (परवानगीच्या चिठ्ठ्या) रँचच्या नावाने मिळत, आणि हंगाम फेब्रुवारीअखेरपर्यंत चाले.

खरे शिक्षण मात्र शेडमध्ये झाले. शिकारी हरीण घेऊन आले की वजन, शिंगांची मापे आणि खालचा जबडा माझ्याकडे येई. तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, म्हणजे जनावर दीड वर्षाच्या आसपासचे किंवा त्याहून लहान. ती पडून दोन उंचवट्यांची आली असेल तर पुढचे वय झिजेवरून काढायचे. चौथ्या दाढेत तपकिरी डेंटिनची (दाताच्या आतल्या थराची) पट्टी शेजारच्या पांढऱ्या इनॅमलपेक्षा (दाताच्या वरच्या कवचापेक्षा) रुंद दिसली की वय साडेतीन वर्षे, तसेच पाचव्या दाढेत दिसले की साडेचार. पहिल्या आठवड्यात माझे अंदाज सारखे चुकत होते. वयस्क जनावरांत ही पद्धत जाणकारांनाही चकवते, म्हणून शंका असेल तिथे दात कापून त्यातले वार्षिक थर मोजायला पाठवत असत.

माद्यांच्या बाबतीत आणखी एक नोंद असे: कासेत दूध आहे की नाही. त्यावरून त्या वर्षी किती पाडसे जगली याचा अंदाज येतो. पहिल्यांदा मी सड दाबला आणि बोटांवर कोमट दूध आले, तेव्हा मी काही वेळ बाहेर जाऊन बसले. आमच्या घरी मांस शिजत नाही, आणि त्या दिवशी मला घरची फार आठवण आली. दक्षिण टेक्सासमधील बहुतेक पाडसे जुलैच्या सुमारास जन्मतात आणि नोव्हेंबरपर्यंत स्वतः चरू लागतात, हे मला माहीत होते. माहीत असूनही हात थरथरत होते. परत येऊन मी रकान्यात 'होय' लिहिले. ते लिहिले नसते तर त्या मादीचे मरण पुढच्या वर्षीच्या कोट्यात कुठेच धरले गेले नसते.

नोव्हेंबरमध्ये ओकच्या राईतून एक निळसर करडा नर बाहेर आला आणि मी मराठीतच ओरडले. रोही! याच भागातल्या किंग रँच या मोठ्या रँचने १९३०च्या सुमारास आणलेल्या जनावरांचे हे वंशज आता किनारपट्टीवर मोकळे फिरतात, त्यांना शिकारीचा बंद हंगाम नाही, आणि गुरांच्या तापाच्या गोचिड्या कुंपणापलीकडे नेतात म्हणून गुरे पाळणाऱ्यांना त्यांची धास्ती असते. रात्री फोनवर सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडंही रोही हायेत काय गं? मग ते लोक काय करतात?"

मी त्यांना जबड्यांविषयी, टॅगविषयी, दुधाच्या रकान्याविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "आपल्याकडचे रोही कोणी मोजले आहेत काय?" डिसेंबरमध्ये अहवाल देऊन मी परतले, तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचा तो प्रश्न लिहिलेला होता, आणि प्रबंधाच्या विषयासाठी मार्गदर्शकांकडे मी तेच पान घेऊन गेले.