स्टॉकवेलचं अनाथाश्रम: एलिफंट अँड कासलपासून वेस्ट नॉरवुडपर्यंत

लंडनच्या दक्षिण भागात बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उभारलेल्या स्टॉकवेल अनाथाश्रमाची मूळ इमारत आज उभी नाही. तरीही त्याचा सुरुवातीचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर अर्धा दिवस काढून हा रस्ता चालावा. कोणतं घर कुणाच्या पैशातून झालं, मुलाला प्रवेश कसा मिळे, मुलं कुठे जेवत आणि कुठे झोपत, हे जागेवर उभं राहिल्यावर नीट जुळत जातं.

सुरुवात एलिफंट अँड कासलपासून करावी. भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून बाहेर पडलं की सहा उंच खांबांची देवळासारखी दर्शनी बाजू दिसते. हे मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल. ते 1861 साली उघडलं. चार्ल्स हॅडन स्पर्जन हे इथले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, आणि रविवारी पाच-सहा हजार माणसं त्यांना ऐकायला जमत. 1898 च्या आगीत आणि पुन्हा 1941 च्या बाँबहल्ल्यात मागची इमारत गेली, खांबांची ही बाजू मात्र दोन्ही वेळा वाचली. म्हणजे आत जे दिसतं ते नंतरचं बांधकाम आहे. मूळ टॅबर्नॅकल बांधणारे कंत्राटदार विल्यम हिग्ज. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट 1866 मध्ये स्पर्जन यांनी आपल्या मासिकात लेख लिहिला. त्यांची मागणी अनाथाश्रमाची नव्हतीच, त्यांना गरीब घरातल्या मुलांसाठी शाळा हव्या होत्या. तो लेख ॲन हिलयार्ड या बाईंनी वाचला. त्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, पाद्र्याच्या विधवा. त्यांनी पत्र पाठवून कळवलं की माझ्याकडे 20,000 पौंड आहेत, ते वडील नसलेल्या मुलग्यांच्या आश्रमासाठी द्यायचे आहेत. स्पर्जन हिग्ज यांना सोबत घेऊन भेटायला गेले. बाईंचं घर आणि राहणी अगदी साधी, त्यामुळे पत्रात एखाद-दोन शून्यं चुकून जास्त पडली असावीत असं त्यांना वाटलं. त्यांनी दोनशे पौंडांचा विषय काढला. बाईंनी तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केला. मग स्पर्जन यांनी विचारलं की नातेवाईक आहेत का, त्यांचा हक्क डावलला जात नाही ना. एवढंच नाही, हे पैसे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या आश्रमाला द्या, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. बाई ठाम राहिल्या.

त्या वर्षी लंडनमध्ये काय चाललं होतं ते पाहिलं म्हणजे या देणगीचं वजन कळतं. पूर्व लंडनमध्ये 1866 च्या कॉलऱ्यात पाच हजारांहून अधिक माणसं गेली. कमावता बाप गेला की विधवेला सरकारी पेन्शन नव्हतं, ते 1925 साली आलं. उरायचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं सरकारी आश्रयगृह. तिथे शिरताना आई आणि मुलं वेगवेगळ्या विभागात टाकली जात. याच वर्षी मे महिन्यात ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी बुडाली आणि बाजार कोसळला. हिलयार्डबाईंच्या पैशांपैकी काही भाग रेल्वेच्या कर्जरोख्यांत होता, आणि अशा वेळी रोखे मोडायचे म्हणजे नुकसान ठरलेलं. कागदावर 20,000 पौंड असूनही सगळे हातात नव्हते, ही पहिली अडचण. तरी जानेवारी 1867 मध्ये स्टॉकवेलला क्लॅपहॅम रोडलगत सुमारे अडीच एकर जागा घेतली गेली.

तिथे जायला एलिफंटहून नॉर्दर्न लाइन पकडा. तिसरं स्टेशन स्टॉकवेल, पण एक आधी, ओव्हललाच उतरा. अजित वाडेकरांच्या संघाने 1971 साली इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला ते मैदान इथेच आहे. मैदानाकडे एक नजर टाकून क्लॅपहॅम रोडने नैऋत्येला, स्टॉकवेलच्या दिशेने चालायला लागा. सावकाश चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत स्टॉकवेल येतं. आश्रम सुरू झाला तेव्हा ही भुयारी गाडी नव्हती, ती 1890 साली आली. त्याआधी याच रस्त्याने घोड्यांच्या बसेस धावत, आणि देणगीदार, विधवा, मुलं सगळे त्याच वाटेने येत. डाव्या हाताच्या हॅकफर्ड रोडवर 87 क्रमांकाच्या घरात 1873-74 साली तरुण व्हिन्सेंट व्हॅन गॉग भाड्याने राहत होता. तिथवर वळसा घेतला तर पाच मिनिटं जास्त लागतात. त्याच्या मुक्कामात हाकेच्या अंतरावर आश्रमातली मुलं खेळत असणार.

आश्रमाची जागा डाव्या हाताला, आता जिथे प्लॅटानोस कॉलेज ही माध्यमिक शाळा आहे तिथे. चालू शाळा असल्यामुळे आत जाता येत नाही, फुटपाथवरूनच पाहायचं. शाळेच्या फाटकाशी मुलांचे फोटो काढू नका.

9 सप्टेंबर 1867 या सोमवारी इथे पायाचे दगड बसले. बांधकामाची पद्धत अशी होती की हिलयार्डबाईंची रक्कम शक्यतो ठेव म्हणून राखायची, तिच्या व्याजातून रोजचा खर्च चालवायचा, आणि प्रत्येक घराचा खर्च वेगळ्या देणगीदाराकडून घ्यायचा. म्हणूनच घरांची नावं म्हणजे जमाखर्चाची वहीच आहे. सिल्व्हर वेडिंग हाउस हे एका बाईंनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने दिलेले 500 पौंड देऊन टाकले त्यातून झालं. मर्चंट्स हाउस एका व्यापाऱ्याचं. वर्कमेन्स हाउससाठी हिग्ज यांनी माल दिला आणि त्यांच्या गवंडी-सुतारांनी मजुरी न घेता काम केलं. मला या आठ घरांत सर्वांत मोलाचं तेच वाटतं. दिवसाच्या मजुरीवर पोट असलेल्या माणसांनी आपल्यासारख्यांच्याच पोरक्या मुलांसाठी भिंत उचलली. युनिटी हाउस ओल्नी कुटुंबाने घरातल्या युनिटी नावाच्या दिवंगत बाईंच्या स्मरणार्थ दिलं. टेस्टिमोनियल, म्हणजे गौरवार्थ दिलेली, दोन घरं देशभरच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी दिली, एक रविवारच्या शाळांनी, एक स्पर्जन यांच्या पाद्री-विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी.

आठ घरं आणि सुमारे अडीचशे मुलगे, म्हणजे घरटी तीसेक मुलगे. प्रत्येक घराला एक मेट्रन, म्हणजे मुलांची देखभाल करणारी बाई. झोपणं, कपडे, आजारपण हे ज्या त्या घरात, जेवण मात्र सगळ्यांचं एका मोठ्या जेवणघरात. आजाऱ्यांसाठी वेगळी इमारत, आणि ती चैन नव्हती. गोवर किंवा स्कार्लेट फीव्हरचा एक रोगी तीस मुलांच्या झोपायच्या खोलीत राहिला तर आठवडाभरात अख्खं घर आजारी पडतं. ब्रिस्टलला म्युलर यांनी ॲशली डाउनच्या टेकडीवर 1849 ते 1870 दरम्यान पाच अजस्र इमारती बांधल्या होत्या, त्यात दोन हजारांवर मुलं राहत, आणि पहिल्याच इमारतीत तीनशे. स्वयंपाकघर एक, बंब एक, देखरेख सोपी, त्यामुळे दरडोई खर्च कमी. स्टॉकवेलचा पहिला निर्णय असा की महागाची पद्धत जाणून निवडली, कारण तीस मुलांची नावं, खोड्या, खोकला मेट्रनच्या ध्यानात राहतो, तीनशेंचा राहत नाही.

मुलांना आश्रमाचा गणवेश नव्हता, हा दुसरा निर्णय. त्या काळच्या धर्मादाय शाळांतली मुलं रस्त्यात कपड्यांवरून ओळखू येत, आणि ती ओळख पुढे नोकरीपर्यंत पिच्छा पुरवी.

तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यावर थांबायलाच हवं. लंडनच्या बऱ्याच मोठ्या अनाथाश्रमांत प्रवेश मतदानाने होई. वर्षाला एक गिनी, म्हणजे एक पौंड एक शिलिंग, किंवा त्याहून कमी वर्गणी भरली की ठरावीक मतं मिळत. ठरलेल्या तारखांना निवडणूक, जागा थोड्या, उमेदवार मुलं भरपूर. मग विधवेने काय करायचं? वर्गणीदारांची यादी मिळवायची, आपल्या मुलाची माहिती छापलेली कार्डं करून घ्यायची, टपाल खर्च करून शेकडो पत्रं धाडायची, दारोदार फिरायचं. पडलं तर पुढच्या निवडणुकीला पुन्हा सगळं. बरेचदा तोवर मुलाची वयोमर्यादा उलटून जाई. जिच्या ओळखी मोठ्या तिचं मूल आत, जिला कुणीच नाही तिचं बाहेर, म्हणजे गरजेच्या बरोबर उलट क्रम. स्टॉकवेलमध्ये मतदान ठेवलंच नाही. विश्वस्त अर्ज वाचत, चौकशी करत आणि ज्याची नड सर्वांत जास्त त्याला घेत.

अर्जासाठी आधी पत्र लिहावं लागे. त्यात मुलाचं नाव आणि जन्मतारीख, आईचं पूर्ण नाव-पत्ता, एकूण मुलं किती, लग्नाची तारीख, वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि कारण, आणि त्यांचा व्यवसाय इतकं हवं. वय सहा ते दहा. पंथ आडवा येत नसे. आश्रम बॅप्टिस्टांचा असला तरी आलेल्या मुलांत चर्च ऑफ इंग्लंडच्या घरांतली मुलं सर्वाधिक होती. 1869 पासून प्रमुख असलेले व्हर्नन चार्ल्सवर्थसुद्धा आधी काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या एका मंडळीत काम करणारे.

मतदान काढून टाकण्याची किंमत होती. मत मिळतं म्हणून वर्गणी भरणारा माणूस इथे येणार नव्हता. ती तूट भरून काढायला घरोघरी ठेवलेल्या देणगीपेट्या, मासिकातून दर महिन्याला छापली जाणारी देणग्यांची यादी, 19 जूनला स्पर्जन यांच्या वाढदिवसाला भरणारा आश्रमाचा मेळा, आणि चार्ल्सवर्थ यांच्यासोबत गावोगावी फिरणारं मुलांचं गायनपथक, असे अनेक मार्ग होते.

स्पर्जन स्वतः येत तेव्हा मुलांना द्यायला खिशात नाणी असत, पण एका भेटीचं वर्णन अमेरिकेतले दारूबंदीचे व्याख्याते जॉन गफ यांनी करून ठेवलं आहे. स्पर्जन एका मरणपंथाला लागलेल्या मुलाच्या खाटेशी बसले, रात्री कोणी सोबतीला असतं का विचारलं, आणि सकाळी गाणं ऐकायला एक कॅनरी पक्षी पाठवतो म्हणाले. शहरभर गर्दी खेचणाऱ्या वक्त्यापेक्षा गफ यांना हा माणूस मोठा वाटला.

मुलींचा विभाग बारा वर्षांनी आला. 1879 मध्ये शेजारचं हॉथॉर्न्स नावाचं घर जमिनीसकट सुमारे 4,000 पौंडांना घेतलं, आणि मुलग्यांसमोरच मुलींच्या घरांची रांग उभी राहिली. एकूण क्षमता पाचशेवर गेली. हिलयार्डबाई जानेवारी 1880 मध्ये वारल्या, ती घरं त्यांना पाहायला मिळाली नाहीत.

मराठी वाचकाला या सगळ्याचा एक धागा ओळखीचा वाटेल. स्पर्जन यांनी ज्यांचं नाव हिलयार्डबाईंना सुचवलं त्या जॉर्ज म्युलर यांच्या कामाची हकिकत पंडिता रमाबाईंनी वाचली होती, आणि त्याचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी आत्मवृत्तात नोंदवला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनचा खर्च कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या भरवशावर चालवण्याची पद्धत त्याच मुशीतली. केडगाव पाहिलेल्यांनी ॲशली डाउनच्या इमारती जरूर पाहाव्यात. पाचही अजून उभ्या आहेत.

इथून पुढे स्टॉकवेल स्टेशन गाठा. समोरच्या गोल, महायुद्धातल्या जुन्या बाँबनिवाऱ्यावर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. भूक लागली असेल तर साउथ लॅम्बेथ रोडवर पोर्तुगीज बेकऱ्या आहेत. मग 2 नंबरची बस घ्या. ती ब्रिक्स्टन, टल्स हिलवरून वेस्ट नॉरवुडला नेते. स्पर्जन 31 जानेवारी 1892 ला फ्रान्समध्ये मांतों इथे वारले. अंत्ययात्रा टॅबर्नॅकलहून नॉरवुडच्या दफनभूमीकडे निघाली ती स्टॉकवेलवरून, आणि आश्रमापुढे काळं कापड लावलेल्या मंचावर मुलं बसवली होती. दफनभूमी 1837 ची, उताराची आणि मोठी आहे. पावसानंतर बाजूच्या वाटा निसरड्या होतात, चांगले बूट घाला, आणि थडगं शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी फाटकाशीच विचारून घ्या.

दुसऱ्या महायुद्धात मुलं लंडनबाहेर हलवली गेली आणि स्टॉकवेलला परतलीच नाहीत. पुढचा आश्रम केंटमध्ये बर्चिंग्टनला झाला, तो 1979 साली बंद झाला. स्पर्जन्स ही संस्था अजून चालू आहे, पण आता मुलांना आश्रमात न ठेवता ती त्यांच्या कुटुंबांसोबत काम करते. स्टॉकवेलला वाढलेल्या कुणा पूर्वजाचा माग काढायचा असेल तर पहिलं पत्र तिलाच लिहावं, आणि त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मसाल, आईचं नाव आणि वडील कधी वारले हे द्यावं.